वाचक विचारतात: पाण्याच्या स्पेक्ट्रममधला तो पसरट डोंगर काय सांगतो?

या वेळी आलेली पत्रं आणि मेल बहुतेक पाण्यावरच आहेत. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पाण्याचा रेणू एवढा हलका, तरी पाणी उकळायला १०० अंश लागतात कारण रेणू एकमेकांना हायड्रोजन बाँडने धरून असतात. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलंय की हे धरून असणं दिसतं कसं, मोजतात कसं. उत्तर स्पेक्ट्रममध्ये आहे, म्हणजे पदार्थ कुठल्या फ्रीक्वेन्सीचा प्रकाश किती शोषतो त्याचा आलेख. मला हा विषय मनापासून आवडतो, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत आणि सगळी जागा पाण्यालाच दिलीये.

प्रश्न: मॅडम, प्रॅक्टिकलला आम्ही एफटीआयआरवर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम काढायचं मशीन) डिस्टिल्ड वॉटरचा स्पेक्ट्रम काढला. एटीआर होतं, हिऱ्याच्या क्रिस्टलवर एक थेंब टाकला. ३३३० च्या आसपास भला मोठा पसरट पीक आला, पुस्तकात मात्र ३४०० दिलाय. सर म्हणाले ब्रॉड आहे म्हणजे हायड्रोजन बाँडिंग, जर्नलमध्ये लिहून टाका. पण ब्रॉड का? आणि ३३३० का? (एसवाय बीएस्सी, शिवाजीनगर)

आधी ३३३० चं सांगते कारण ते लवकर संपेल. (हे सगळे आकडे वेव्हनंबर, म्हणजे एका सेंटिमीटरात किती लहरी बसतात ते; आकडा मोठा तेवढी फ्रीक्वेन्सी जास्त.) तुमचं मशीन बिघडलेलं नाही आणि पुस्तकही चुकलेलं नाही. एटीआरमध्ये इन्फ्रारेड किरण हिऱ्याच्या आतून परावर्तित होतो आणि थेंबात फक्त वरवर, या भागात साधारण अर्धा मायक्रॉन (मिलिमीटरचा दोन हजारावा भाग) एवढाच शिरतो. किती शिरायचं हे पाण्याच्या रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सवर (पाणी प्रकाशाला किती वळवतं तो आकडा) ठरतं, आणि जिथे शोषण जोरदार असतं तिथे हा इंडेक्सच वेडावाकडा बदलतो, त्यामुळे पीक कमी वेव्हनंबरकडे सरकलेला दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये एटीआर करेक्शन असेल तर लावून बघा, पीक ३४०० कडे जाईल. जर्नलमध्ये आकडा लिहिताना शेजारी 'एटीआर, करेक्शन न करता' एवढं लिहा म्हणजे झालं.

आता ब्रॉड का, हा खरा प्रश्न आहे आणि तो 'लिहून टाका' म्हणून सोडून देण्यासारखा अजिबात नाही.

सुरुवात वाफेपासून करू. वाफेत रेणू एकटा असतो, त्याला धरणारं कुणी नाही. त्याचे दोन ओ-एच बाँड एकत्र ताणले जातात ते ३६५७ ला आणि एक ताणला दुसरा आखडला असं होतं ते ३७५६ ला, आणि दोन हातांमधला कोन उघडतो-मिटतो ते १५९५ ला. हे आकडे पक्के आहेत, त्यांच्या आजूबाजूला फक्त रेणूच्या फिरण्याच्या बारीक बारीक रेघा असतात.

आता हाच रेणू द्रव पाण्यात टाका. त्याच्या हायड्रोजनला पलीकडच्या रेणूचा ऑक्सिजन आपल्याकडे ओढतो. हायड्रोजन तिकडे ओढला गेला की त्याच्या स्वतःच्या ऑक्सिजनची पकड जराशी ढिली पडते, आणि बाँड ढिला झाला की कंपन मंदावतं, फ्रीक्वेन्सी खाली येते. म्हणून वाफेत ३७०० च्या आसपास असलेलं कंपन द्रवात ३४०० वर येतं आणि बर्फात, जिथे पकड सगळ्यात चांगली असते, तिथे ३२०० च्या जवळ जातं. वाकण्याचं कंपन उलट दिशेला जातं, १५९५ वरून १६४५ च्या आसपास, कारण हायड्रोजन पलीकडे बांधला गेला की त्याला आडवं हलणं अवघड होतं. म्हणजे ताणणं सोपं झालं आणि वाकणं कठीण झालं, दोन्ही एकाच कारणाने. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये १६४० च्या जवळ तो दुसरा छोटा पीक नक्की असेल, तो जरूर बघा, बरेच विद्यार्थी मोठ्या डोंगराच्या नादात त्याच्याकडे बघतच नाहीत.

पण द्रवात सगळ्या रेणूंची पकड सारखी नसते, हे महत्त्वाचं. कुणाचा शेजारी जवळ आणि सरळ रेषेत, कुणाचा जरा लांब आणि तिरका, कुणाचा शेजारी नुकताच सुटलाय आणि दुसरा अजून धरायचाय. ऑक्सिजन ते ऑक्सिजन अंतर सरासरी २.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), पण ते थोडंसं जरी बदललं तरी ओ-एचची फ्रीक्वेन्सी भरपूर बदलते. तुमच्या एका थेंबात या सगळ्या तऱ्हा एकाच वेळी हजर असतात आणि प्रत्येक जण आपापल्या फ्रीक्वेन्सीला शोषतो. म्हणून ३००० पासून ३७०० पर्यंत सलग डोंगर. ही रुंदी म्हणजे मशीनचा दोष नव्हे आणि धूसरपणाही नव्हे, किती प्रकारच्या पकडी आहेत त्याचं ते वाटप आहे, माहिती त्या रुंदीतच आहे.

एक सावधगिरी मात्र. डोंगराला ३२५० च्या बाजूला खांदा, म्हणजे उतारावरचा फुगवटा दिसतो आणि 'हा बर्फासारखा भाग, तो पाण्यासारखा भाग' असं पटकन लिहिलं जातं. ते इतकं सरळ नाही. साध्या पाण्यात एका ओ-एचचं कंपन शेजारच्या ओ-एचमध्ये मिसळतं, शिवाय वाकण्याच्या कंपनाचा दुप्पट आकडा, १६४५ गुणिले २ म्हणजे ३२९०, बरोबर तिथेच येऊन पडतो आणि तोही मिसळतो. ही सरमिसळ टाळायला संशोधक जड पाण्यात म्हणजे डीटूओमध्ये अगदी थोडं साधं पाणी घालतात. हायड्रोजन आणि ड्यूटेरियम (जड पाण्यातला जड हायड्रोजन) आपोआप अदलाबदल करतात आणि जवळपास सगळा हायड्रोजन एचओडी या रेणूत जातो, एक हात हलका एक जड, आणि त्याच्या ओ-एचशी सूर जुळणारं आजूबाजूला कुणीच नसतं कारण ओ-डीचं कंपन लांब २५०० ला असतं. मग ३४०० ला एकच स्वच्छ डोंगर मिळतो, खांदा जवळपास जातो, पण तरीही तो अडीचशेच्या आसपास रुंद असतो. एवढी रुंदी खरीच पकडींच्या फरकाची.

प्रश्न: हायड्रोजन बाँड सारखे तुटतात आणि जुळतात असं वाचलं. स्पेक्ट्रम तर एकच चित्र देतो, मग 'सारखे' हे कळतं कशावरून? (बाणेर)

फार चांगलं विचारलंत. साध्या स्पेक्ट्रमवरून ते कळत नाहीच. लक्ष्मी रोडवरच्या गर्दीचा एक फोटो काढला तर कोण दुकानासमोर तासभर उभं आहे आणि कोण नुसतं पुढे चाललंय हे कळणार नाही, त्यासाठी थोड्या अंतराने दुसरा फोटो काढून तीच माणसं शोधावी लागतील. पाण्यासाठी हे काम करणाऱ्या पद्धतीला टू-डायमेन्शनल इन्फ्रारेड म्हणतात. पहिले लेझर पल्स समजा ३३०० ला कंपणाऱ्या रेणूंवर खूण करतात, मग ठराविक वेळ थांबून पुढचा पल्स विचारतो की खूण केलेले आता कितीवर आहेत. लगेच विचारलं तर ते अजून ३३०० लाच सापडतात, आलेखात तिरपी लांबट आकृती दिसते. उशिरा विचारलं तर ते सगळ्या डोंगरभर पसरलेले असतात आणि आकृती गोल होते. तिरप्याची गोल व्हायला लागणारा वेळ म्हणजे रेणूला आपली आधीची परिस्थिती 'आठवण्याचा' वेळ.

हा वेळ किती? डीटूओतल्या एचओडीवर अमेरिकेत एमआयटीमध्ये आंद्रेई टोकमाकॉफ यांच्या गटाने केलेलं काम २००३ साली प्रसिद्ध झालं. त्यात सुरुवातीला साधारण १७० फेम्टोसेकंदांचा हेलकावा दिसतो, म्हणजे हायड्रोजन बाँड स्वतः लांब-आखूड होतो तो, आणि मग एक-दीड पिकोसेकंदात आठवण पुसली जाते. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, फेम्टो त्याचाही हजारावा. ३४०० वेव्हनंबरच्या कंपनाचा एक फेरा साधारण १० फेम्टोसेकंदांचा असतो, म्हणजे रेणू शंभर-दीडशे वेळा कंपतो तेवढ्यात त्याचं शेजार बदललेलं असतं. आणि निव्वळ साध्या पाण्यात तर २००५ साली मोजलं तेव्हा फ्रीक्वेन्सीची आठवण ५० फेम्टोसेकंदांच्या आसपासच गेलेली दिसली, कारण तिथे ऊर्जा शेजाऱ्यांकडे झटकन निघून जाते.

यातून निघालेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण समजतो की बाँड तुटतो, रेणू थोडा वेळ मोकळा हिंडतो, मग नवा जोडीदार मिळतो. तसं दिसत नाही. तुटलेल्या अवस्थेत कुणी रेंगाळतच नाही, निसटलेला ओ-एच एक तर लगेच परततो नाहीतर नव्या शेजाऱ्याकडे जातो. दामिएँ लाज आणि जेम्स हाइन्स यांनी २००६ साली कॉम्प्युटर सिम्युलेशनमधून दाखवलं की ओ-एच जुन्या शेजाऱ्याकडून नव्याकडे जवळपास ६० अंशांची एकदम उडी मारतो, हळूहळू वळत नाही.

प्रश्न: आमच्या सोसायटीत एक जण मशीनचा डेमो द्यायला आला होता. म्हणाला या मशीनचं पाणी 'स्ट्रक्चर्ड' आहे, षटकोनी क्लस्टरचं, बाटलीत भरून ठेवलं तरी दिवसभर तसंच राहतं आणि हे स्पेक्ट्रोस्कोपीने सिद्ध झालंय. किंमत ऐकून मी गप्प बसलो, पण आमच्या सौ.च्या गुडघेदुखीसाठी घ्यावं का असं वाटतंय. खरं काय ते सांगा. (निवृत्त, सदाशिव पेठ)

काका, घेऊ नका. अगदी स्पष्ट सांगते.

वरच्या उत्तरातले आकडे बघा. पाण्यात रचना असते, खरी असते, मी तिच्याबद्दलच तर इतकं लिहितेय. पण ती पिकोसेकंदात मोडते आणि नवी होते. मशीनमधून नळाशी येईपर्यंतच ती कितीतरी अब्ज वेळा बदललेली असते, तर पेल्यात, बाटलीत आणि पुढे पोटात गेल्यावर काय उरणार. तुमच्या माठातल्या पाण्यात नेमकी तीच रचना आहे जी त्या मशीनच्या पाण्यात आहे, तापमान आणि क्षार सारखे असतील तर.

'स्पेक्ट्रोस्कोपीने सिद्ध' याचं उत्तरही द्यायला हवं कारण तिथेच लोक फसतात. पाण्याचा स्पेक्ट्रम तापमानाला फार हळवा आहे. पाणी गरम केलं की पकडी ढिल्या होतात आणि डोंगर वरच्या वेव्हनंबरकडे सरकतो, दोन-चार अंशांचा फरकसुद्धा एका स्पेक्ट्रममधून दुसरा वजा केला की ठळक दिसतो. मशीनमधून आलेलं पाणी जरासं कोमट असेल किंवा त्यात क्षार कमी-जास्त असतील तरी 'वेगळं' चित्र मिळतं, आणि ते दाखवून काहीही विकता येतं. तो माणूस पुन्हा आला तर एवढंच विचारा की शेजारी साधं पाणी त्याच तापमानाला, तेवढेच क्षार ठेवून मोजलंय का, आणि फरक दुसऱ्या दिवशीही टिकला का. आणि काकूंच्या गुडघ्यांसाठी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा, ते पैसे तिथे लावा. मला याचा राग येतो कारण लोक उपचार लांबवतात.

प्रश्न: फार्मा कंपनीच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) आहे. जून ते सप्टेंबर आमच्या केबीआर पेलेटमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइड या क्षारात सॅम्पल घोटून दाबलेली चकती) ३४०० ला कायम कुबड येतं, सॅम्पल कोरडं असलं तरी. शिवाय १५०० ते १८०० मध्ये बारीक काटे येतात. दोन्ही पाणीच ना? मग दिसायला एवढं वेगळं का? (हडपसर)

दोन्ही पाणीच, आणि तुमच्या एका कागदावर वाफेतलं आणि बांधलेलं असं दोन्ही पाणी शेजारी शेजारी आलंय. काटे म्हणजे मशीनच्या आतल्या हवेतली वाफ, सुटे रेणू, म्हणून बारीक रेघा, तशाच रेघा ३६०० ते ३९०० मध्येही सापडतील. कुबड म्हणजे केबीआरने पुण्याच्या पावसाळी हवेतून ओढून घेतलेली ओल, तिचे रेणू एकमेकांशी आणि केबीआरशी बांधलेले, म्हणून पसरट. वाफेसाठी सुक्या नायट्रोजनची पर्ज (तो सतत सोडून आतली हवा बाहेर ढकलणं), ती नसेल तर निदान बॅकग्राउंड आणि सॅम्पल लागोपाठ घ्या आणि झाकण उघडल्यावर दोन्ही वेळा सारखाच वेळ थांबा. केबीआर ओव्हनमध्ये सुकवून डेसिकेटरमध्ये, खलबत्त्यात घोटणं झटपट. मशीनमधली सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर आजच बदला, आतला बीमस्प्लिटरही (किरण दोन भागांत विभागणारी चकती) बहुतेक केबीआरचाच असतो आणि तो धुरकटला की खर्च मोठा.

आणि केबीआरच्या खिडक्यांमध्ये प्रत्यक्ष पाणी भरून मोजायचा प्रयत्न कुणी करू नये, खिडकी विरघळते. कॅल्शियम फ्लोराइडच्या वापरतात. त्यातही १० मायक्रॉनचा थर घेतला तरी ३४०० ला काही पलीकडे जात नाही, सपाट छप्पर मिळतं, एवढं पाणी इन्फ्रारेड खातं. रामन स्पेक्ट्रोस्कोपीत (लेझरचा प्रकाश विखुरताना त्याची फ्रीक्वेन्सी किती बदलते ते मोजतात) ही अडचण नाही, काचेच्या क्युव्हेटमध्ये पाणी भरून सरळ मोजता येतं.

प्रश्न: बर्फात प्रत्येक रेणूला चार हायड्रोजन बाँड. द्रव पाण्यात किती? एका ठिकाणी साडेतीन वाचलं, एका ठिकाणी दोन. बरोबर कुठलं? (ज्युनिअर कॉलेज शिक्षिका, कोथरूड)

अकरावी-बारावीला शिकवताना साडेतीनच्या आसपास सांगा. त्याला साधा आधार आहे: बर्फ वितळवायला मोलमागे ६ किलोज्यूल लागतात आणि बर्फाची थेट वाफ करायला ५१ च्या आसपास, म्हणजे वितळताना एकूण पकडीचा लहानसा हिस्साच जातो.

'दोन' आला तो २००४ सालच्या एका गाजलेल्या पेपरमधून. अँडर्स निल्सन आणि सहकाऱ्यांनी एक्स-रे शोषणाचा स्पेक्ट्रम घेऊन असा अर्थ लावला की बहुतेक रेणूंचे दोनच बाँड भक्कम असतात आणि पाणी साखळ्या किंवा कड्यांसारखं असतं. त्याच वर्षी बर्कलीच्या रिचर्ड सेकली यांच्या गटाने तशाच प्रकारच्या मापनावरून उलट सांगितलं की बाँड थोडे वाकलेले-ताणलेले धरले तर नेहमीचं चार हातांचं चित्र पुरेसं आहे. रामनमध्ये हा वाद त्याआधीपासून आहे. तापमान बदलत काढलेले स्पेक्ट्रम एकाच बिंदूतून जातात, त्यावरून 'दोन प्रकारचं पाणी' असं बरीच वर्षं मानलं जायचं, पण नंतर दाखवलं गेलं की सलग वाटप असलं तरी असा बिंदू येऊ शकतो. माझं मत सलग वाटपाच्या बाजूचं आहे, निदान रोजच्या तापमानाच्या पाण्यासाठी तरी.

मुळात बाँड 'आहे' की 'नाही' हे कुठे ठरवायचं? सिम्युलेशनवाले सहसा ऑक्सिजन-ऑक्सिजन अंतर ३.५ अँगस्ट्रॉमच्या आत आणि कोन ३० अंशांच्या आत असेल तर आहे म्हणतात. रेघ थोडी सरकवली की आकडा बदलतो. हायड्रोजन बाँड म्हणजे काय याची व्याख्याच नव्याने करायला आययूपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) जो गट नेमला त्याची बैठक २००५ साली आपल्या पुण्यातच झाली होती, बंगळुरूच्या आयआयएस्सीचे ई. अरुणन त्याचे प्रमुख, आणि व्याख्या २०११ साली छापून आली. तिच्यात पुराव्यांमध्ये स्पेक्ट्रोस्कोपीला मानाची जागा आहे: बाँड झाला की एक्स-एच कंपन (एक्स म्हणजे हायड्रोजन ज्याला जोडलेला आहे तो अणू) सहसा खाली सरकतं आणि एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे सिग्नल मोजायची पद्धत) त्या प्रोटॉनचा, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्राचा, सिग्नलही सरकतो. मुलांना हे जरूर सांगा. पाण्याच्या छोट्या क्लस्टर्सवर पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने क्वांटम केमिस्ट्रीची गणितं केलीत, हेही सांगा, आपल्या गावातलं काम आहे.

प्रश्न: ताई, मी नववीत आहे. स्विमिंग टँकचं पाणी निळं दिसतं ते टाइल्समुळे की पाणी खरंच निळं असतं? याचा हायड्रोजन बाँडशी संबंध आहे का? (कोथरूड)

पाणी खरंच किंचित निळं असतं, पांढऱ्या टाइल्स लावल्या तरी. तू वर वाचलंस ना की ओ-एच कंपन इन्फ्रारेडमध्ये ३४०० ला असतं, तर रेणू कधी कधी एकदम अनेक पायऱ्या चढतो आणि त्यासाठी लागणारा प्रकाश लाल रंगात येतो, ७०० नॅनोमीटरच्या जवळ. शोषण अगदी कमजोर असतं म्हणून पेल्यातलं पाणी बिनरंगी, पण त्या लाल प्रकाशातला निम्म्याच्या आसपास भाग साधारण एका मीटर पाण्यात जातो आणि उरलेला प्रकाश निळसर दिसतो. जड पाण्यात हे शोषण डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात सरकतं, म्हणून जड पाणी टँकभर असलं तरी निळं दिसणार नाही. आणि हो, हायड्रोजन बाँडचा संबंध आहे, तो नसता तर या शोषणाची जागा थोडी वेगळी असती. खडकवासल्याचं पाणी हिरवट दिसतं ते मात्र शेवाळ आणि गाळामुळे, ते वेगळं.

सी. व्ही. रामन १९२१ साली बोटीने प्रवास करताना भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून याच प्रश्नात गुंतले होते. त्यांनी पाण्यातून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास सुरू केला आणि त्याच वाटेने २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामाचा शोध लागला. समुद्राचा रंग विखुरणं आणि लाल शोषलं जाणं या दोन्हींमुळे येतो. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त बऱ्याच संस्था आपल्या लॅब बघायला खुल्या करतात, पाषाणच्या एनसीएल आणि आयसरचं काय ठरलंय ते शाळेतल्या बाईंना विचारायला सांग, आणि गेलीस तर रामन स्पेक्ट्रोमीटर कुठे आहे ते विचार.

प्रश्न: मायक्रोवेव्ह ओव्हन पाण्याच्या हायड्रोजन बाँडच्या फ्रीक्वेन्सीवर चालतो का? (औंध)

नाही. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. तिथे पाण्याचा कुठलाही पीक नाही. रेणू बदलत्या विद्युतक्षेत्राबरोबर वळायचा प्रयत्न करतात आणि शेजाऱ्यांच्या पकडीमुळे मागे पडतात, त्यात उष्णता होते. हे शोषण साध्या तापमानाला २० गिगाहर्ट्झच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, पण तिथे ओव्हन चालवला तर वरचा थरच तापेल आणि आतला भात थंड राहील. हायड्रोजन बाँडचं स्वतःचं ताणलं जाणं २०० वेव्हनंबरच्या जवळ असतं, म्हणजे ओव्हनच्या दोन हजार पटींहून जास्त फ्रीक्वेन्सीला.